अंजनेरीची कातीण

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात माझी किंमत एका लांब काठीइतकी होते. एरवी माझ्या उंचीचा संसाराला काय उपयोग, असे विचारणाऱ्या मंडळींना त्या आठ दिवसांत त्याचे उत्तर सापडते. डोक्याला पंचा गुंडाळून, काठीला केरसुणी बांधून मला स्टुलावर उभे करण्यात येते आणि “आधी त्या कोपऱ्यातली जळमटं काढा” असा हुकूम सुटतो. इतकी वर्षे मी तो मुकाट्याने पाळत आलो. यंदा मात्र केरसुणी वर गेली आणि अर्ध्यावरच थबकली.

“काय झालं? चक्कर आली का?” सौ.ने खालून विचारले.

“नाही. आत बाईमाणूस आहे का ते बघतोय,” मी म्हणालो.

यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती वाचकांनी कल्पनेनेच जाणावी. परंतु मी थट्टा करीत नव्हतो. त्यामागे एक हकीकत आहे. ती नाशिकची आहे, कोळ्यांची आहे आणि थोडी माझ्या फजितीचीही आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. आमच्या कॉलेजात विज्ञान शाखेच्या मुलांनाही एक भाषा घ्यावी लागते, आणि त्यांतली काही मराठी घेतात. जुलैमध्ये मी त्यांना निबंधाला विषय दिला, ‘आमच्या घराची खिडकी’. पन्नास वह्यांपैकी चाळीस खिडक्यांतून इंद्रधनुष्य दिसत होते. एका मुलीच्या खिडकीत मात्र वेगळेच काही होते. तिने लिहिले होते, “आमच्या खिडकीत एक कोळीण राहते. ती रोज दिवेलागणीला नवे जाळे विणते आणि पहाटे तेच गिळून टाकते.”

माझी तांबडी पेन्सिल लगेच सरसावली. ‘कोळीण’ या शब्दाखाली मी दोन रेघा ओढल्या आणि समासात लिहिले, “कोळीण म्हणजे मासे विकणारी बाई. ती खिडकीत कशी राहील? शब्द नीट वापरावेत.” जाळे गिळण्याच्या वाक्यापुढे भले मोठे प्रश्नचिन्ह काढले आणि दहापैकी चार गुण दिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पण शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी मी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. मंडळी हसली. मला बरे वाटले.

हसल्या नाहीत त्या फक्त प्राणिशास्त्राच्या बाई. कप खाली ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, मुलीचं बरोबर आहे.”

“म्हणजे कोळीण खिडकीत राहते?”

“हो. आणि जाळंही गिळते. बागेतले कितीतरी कोळी रात्रीपुरतं जाळं विणतात आणि पहाटे ते खाऊन टाकतात. रेशीम म्हणजे प्रथिनं, ती वाया कोण घालवील? आणि असं गोल, चाकासारखं जाळं घालून मध्यभागी बसलेला मोठा कोळी तुम्ही कधी पाहिलात, तर ती बहुतेक मादीच असते. नर लहानपणी जाळी विणतो. वयात आला की ते काम सोडून मादीच्या शोधात भटकू लागतो.”

चहा एकाएकी फार कडू लागला. त्यातून नाशिकच्या डोंगराळ भागातले महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या शेती करीत आले आहेत, त्यांच्या बायकांचा मासळीच्या टोपलीशी संबंध नाही, हेही मला तेव्हाच आठवले. म्हणजे माझा शेरा एका बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी चुकला होता.

तरीही मी तो तसाच विसरून गेलो असतो. माणूस स्वतःच्या चुका किती पटकन विसरतो याला मर्यादा नाही. पण ऑगस्टमध्ये दुसरा निबंध आला, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्या मुलीची वही उघडली. अक्षर तेच, पण तिच्या पावसात काळे ढग होते, मोराचा पिसारा होता, हिरवा शालू नेसलेली धरणी होती. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकही गोष्ट नव्हती. मी पुष्कळ वेळ ती वही हातात घेऊन बसलो. वर्षाला शेकडो वह्या तपासतो, त्यांत डोळे उघडे ठेवून लिहिणारे दोन-तीनच निघतात. त्यांतल्या एकीचे डोळे मी तांबड्या पेन्सिलीने मिटवले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्राणिशास्त्राच्या बाईंना गाठले. “तुमची ती कोळीण मला बघायची आहे,” मी म्हणालो. त्या म्हणाल्या, “नवरात्राच्या आधीच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन अंजनेरीला जातो आहोत. चला.”

त्या रविवारी सकाळी आम्ही जुन्या सीबीएसवरून त्र्यंबकच्या एस.टी.त बसलो. बरोबर बारा-चौदा मुले-मुली, बाई आणि हट्ट करून आलेली माझी धाकटी मुलगी. ती मुलगीही होती. मला पाहून तिने “नमस्कार, सर” म्हटले आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. सातपूरचे कारखाने मागे पडले, महिरावणी गेली आणि डावीकडे अंजनेरीचा लांबच लांब कडा दिसू लागला. नाशिककरांना हा कडा त्र्यंबकच्या वाटेवर रोज दिसतो, म्हणून तो कोणी पाहत नाही. फाट्यावर उतरून गावातून वर निघालो.

अंजनेरी म्हणजे अंजनीमातेचा डोंगर. हनुमंताचा जन्म येथे झाला अशी इकडची श्रद्धा आहे. पायथ्याच्या गावात जुन्या देवळांचे भग्न अवशेष विखुरले आहेत. एका जैन मंदिरात यादव राजवटीतला, शके १०६३चा शिलालेख आहे. गावाजवळच नाण्यांचे संशोधन करणारी संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. डोंगराची उंची चार हजार फुटांच्या वर. कड्याच्या खोबणींतून गिधाडे घरटी करतात. डोंगराच्या नावावरूनच जिचे शास्त्रीय नाव पडले अशी सेरोपेजियाची, म्हणजे कंदीलपुष्पाची एक जात इथे फुलते. २०१७ साली सरकारने हा डोंगर संवर्धनासाठी राखीव केला. पण मी त्या दिवशी वर आकाशाकडे पाहत नव्हतो की फुलांकडेही. बाईंनी सांगितले होते, “सर, छातीच्या उंचीवर बघत चला. दोन झुडपांच्या मधे.”

पहिली भेट गावाबाहेरच्या निवडुंगापाशी झाली. काट्यांमध्ये ताणलेले वाटोळे जाळे, त्याच्या मधोमध एक कोळी डोके खाली करून लटकलेला. पिवळे, रुपेरी आणि तपकिरी पट्टे असे की जणू कोणी बारीक काठाची साडी नेसली आहे. आठ पाय दोन-दोन एकत्र जुळवून धरलेले, त्यामुळे फुलीचा आकार झालेला. त्या फुलीच्या टोकांशी जाळ्यात पांढऱ्या रेशमाची नागमोडी वेलांटी काढलेली. “ही सही,” माझी धाकटी ओरडली. खरेच, इंग्रजीत या जातीला ‘सिग्नेचर स्पायडर’, म्हणजे सही करणारा कोळी म्हणतात. शास्त्रीय नाव अर्जिओपे अनासुजा.

“आता हिचा नवरा शोधा,” बाई म्हणाल्या. आम्ही सारे वाकलो. त्या मागच्या बाकावरच्या मुलीनेच तो शोधला. जाळ्याच्या कडेला, गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचा, मादीच्या निम्म्याहूनही लहान असा एक किडा बसला होता. ना पट्टे, ना सोने, ना सही. कोणी दाखवला नसता तर वाऱ्याने आलेला कचरा समजून मी त्याला फुंकर मारली असती.

खरा चमत्कार मात्र पुढे झाडीत होता. पायवाटेच्या वर, दोन झाडांच्या मध्ये हातभर रुंदीचे जाळे ताणलेले होते आणि पानांतून येणाऱ्या उन्हात त्याचा धागा अक्षरशः सोनेरी दिसत होता. मध्ये ती होती. अंग माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढे लांब, आणि पाय पसरलेले धरले तर माझा तळहात झाकला गेला असता. काळ्याभोर देहावर पिवळ्या रेघा, पायांच्या सांध्यांशीही पिवळे ठिपके. मी दोन पावले मागे सरलो, हे येथे कबूल करतो. धाकटी दोन पावले पुढे गेली.

“नेफिला पिलिपेस,” बाई म्हणाल्या. “जुन्या पुस्तकांत हिलाच नेफिला मॅक्युलाटा म्हणत. घाबरू नका, ती आपल्या वाटेला जात नाही.”

त्या जाळ्यावर वरच्या बाजूला तांबूस रंगाचे तीन बारके कोळी होते, तांदळाच्या दाण्याएवढे. मी जाणत्या माणसाच्या आवाजात मुलीला म्हणालो, “बघ, आईजवळ पिल्लं बसली आहेत.”

मागून हळू आवाज आला, “सर, ती पिल्लं नाहीत. ते नर आहेत.”

तीच मुलगी. तिने भिंगातून मला दाखवले. प्रत्येकाच्या तोंडाजवळ मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यांसारखे फुगीर असे दोन आखूड अवयव होते. वयात आलेल्या नराची ती खूण. मादी वजनाने त्याच्या शंभरपटीहूनही अधिक भरू शकते. तिच्या ते खिजगणतीतही नसते, आणि असले तर बहुधा भक्ष्य म्हणूनच. म्हणून तो वरच्या कडेला वाट पाहत बसतो. जवळ जायची वेळ आली की हळूच तिच्या पाठीवर चढून तिथे आपले बारीक धागे घालू लागतो. त्या स्पर्शाने ती शांत होते, असे संशोधकांनी प्रयोग करून पाहिले आहे. माझ्या मनात आले की पाठीवर शाल पांघरून मन जिंकण्याची रीत केवळ आपल्या सत्कार-समारंभांत नाही तर! पुढे अंडी घालायची वेळ आली की ही सोन्याच्या धाग्याची राणी झाड सोडून जमिनीवर उतरते, मातीत खळगा करते, त्यात अंडी ठेवते आणि वर पालापाचोळा सारते.

आम्ही वर पठारावर गेलो, तळ्याकाठी डबे सोडले, अंजनीमातेचे दर्शन घेतले. पण माझ्या डोक्यात ते सोने आणि तो तांबूस कण एवढेच घोळत होते. उतरताना मी बाईंना विचारले, “पक्ष्यांत तर नर नटलेला असतो. मोराला पिसारा, लांडोर साधी. इथे हे उलटं का?”

“रंग कोणासाठी आहे ते आधी विचारा,” बाई म्हणाल्या. “जाळ्यात राहणाऱ्या कोळ्यांची नजर अधू असते. नराने कितीही भरजरी कपडे केले तरी तिला ते दिसणार नाहीत. त्यांचं सगळं बोलणं धाग्यांच्या थरथरीतून चालतं. तो जाळ्याची तार छेडतो, ती ऐकते. मग त्याने नटायचं कशाला? त्याने लहान राहावं, लवकर वयात यावं आणि कोणाच्या डोळ्यांत न भरता तिच्यापर्यंत पोचावं, हेच त्याच्या हिताचं. ती मात्र शेकडो अंडी वाढवते, म्हणून मोठी. आणि तिचा पिवळा रंग नवऱ्यासाठी नाहीच. तो किड्यांसाठी आहे. किडे त्या झगमगाटाकडे ओढले जातात. तैवानमध्ये संशोधकांनी नेफिलाच्या अंगावरचे उजळ भाग रंगाने झाकून पाहिले, तर जाळ्याकडे येणारे किडे कमी झाले.”

“म्हणजे सोनं हे तिचं दुकानाचं पाटीकाम,” मी म्हणालो.

“तसंच म्हणा. आणि उलट प्रकार पाहायचा असेल, तर अंजनेरीला यायची गरज नाही. घरी जाऊन भिंतीकडे बघा.”

घरी आल्यावर पाय दुखत असूनही मी भिंतीकडे पाहत बसलो. दिव्याच्या उजेडात, घड्याळाशेजारी, आपण नेहमी पाहतो तो उड्या मारणारा कोळी होता. याला जाळे नाही. हा मांजरासारखा दबा धरतो आणि माशीवर झेप घेतो. काळा कुळकुळीत आणि त्यावर पांढरे स्वच्छ पट्टे, जणू लग्नाला निघालेला नवरदेव. बाईंनी सांगितल्याप्रमाणे हा नर. दोन दिवस पाळत ठेवल्यावर मादीही दिसली. मातकट तपकिरी, पाठीवर एक फिकट पट्टा. चुन्याच्या भिंतीवर धुळीच्या डागासारखी. इतकी वर्षे मी त्यांना दोन वेगळ्या जाती समजत होतो. शास्त्रज्ञ त्या दोघांना मिळून प्लेक्सिपस पेकुली म्हणतात.

मी एकटाच फसलो असे नाही. इक्लेक्टस नावाच्या पोपटाचा नर हिरवा आणि मादी लाल-निळी असते. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातले पंडितही त्यांना दोन जाती मानत होते.

भिंतीवरच्या या नवरदेवाच्या कुळाची गोष्ट रंगतदार आहे. उडी मारणाऱ्या कोळ्यांची नजर साऱ्या कोळी जातीत तीक्ष्ण. समोरचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. त्यांना रूप दिसते, म्हणून रूपाला किंमत आहे. नर पुढचे पाय उंचावून, डावीकडे-उजवीकडे सरकत नाच करतो आणि मादी बसून परीक्षा घेते. ऑस्ट्रेलियात मॅराटस नावाच्या कोळ्याचा नर तर मोरासारखा पोटावरचा रंगीत पडदाच उघडून दाखवतो, आणि त्याची मादी आपल्या भिंतीवरच्या मादीसारखीच तपकिरी असते. डार्विनने १८७१ साली मांडले की मादीच्या निवडीमुळे पिढ्यान् पिढ्या नरांचे रंग खुलत गेले असावेत. वॉलेसला ते पटले नाही. मादी साधी असते ती शत्रूपासून लपता यावे म्हणून, यावर त्याचा भर होता. हा वाद सोडवायला पुढे आले ते अमेरिकेतल्या मिलवॉकी गावचे एक शिक्षक, जॉर्ज पेकहॅम, आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ. या जोडप्याने उडी मारणारे कोळी पेट्यांत ठेवून त्यांचे नाच तासन् तास पाहिले आणि १८८९ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. कौल डार्विनच्या बाजूने गेला. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात नवरा-बायको कोळ्यांचे प्रणय टिपून घेत आहेत, हे चित्र मला फार आवडले. सौ.ला मात्र त्यात विशेष काही वाटले नाही. “पेट्या कोण झाडत होतं?” एवढेच तिने विचारले.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत राहून कोळ्यांवर आयुष्यभर काम केले. त्यांचे भारतीय कोळ्यांवरचे हातपुस्तक १९८७ सालचे. ते मी आता बाईंकडून आणून ठेवले आहे. ठाणे परिसरात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ साली ‘इशियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले, २००८च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. नाव देण्यात किती अर्थ असतो, हे मराठीच्या प्राध्यापकाला एका कोळ्याने शिकवावे, हा योग होता खरा.

कारण माझे दुखणे शेवटी शब्दाचेच होते. मराठीत ‘कोळी’ पुल्लिंगी. शाळेत आपण गोष्ट वाचतो, रॉबर्ट ब्रूसच्या गुहेत कोळी पडला आणि पुन्हा चढला. पडली आणि चढली असे कोणी म्हणत नाही. हिंदीने मात्र ‘मकड़ी’ म्हणून योग्य जागी बोट ठेवले आहे. संस्कृतात ‘ऊर्णनाभ’ पुल्लिंगी, पण ‘लूता’ स्त्रीलिंगी. मग मराठीनेच का चुकावे? असा विचार करीत असता एके रात्री अचानक माझी आजी आठवली. माजघराच्या आढ्याकडे बोट दाखवून ती म्हणायची, “कातिणीला हात लावू नको रे.” कातीण! कोश उघडला. शब्द होता. कातीण, स्त्रीलिंगी, अर्थ कोळी. कातणे या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. जी कातते ती कातीण. शब्द घरात होता, आणि तो मी आजीबरोबर माजघरातच ठेवून आलो होतो.

मग ‘कोळी’ आला कोठून? त्याचा माग मला पुन्हा नाशिकातच लागला. संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर. प्राकृतात ‘कोलिअ’ म्हणजे विणकरही आणि हा आठ पायांचा विणकरही. हे वाचताच पांडवलेणी डोळ्यांसमोर उभी राहिली. पुढच्या रविवारी धाकटीला घेऊन मी मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या डोंगराच्या पायऱ्या चढलो. चोवीस लेण्यांपैकी दहावे लेणे नहपान क्षत्रपाच्या जावयाने, उषवदाताने दिलेले. त्याच्या भिंतीवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात तो सांगतो की गोवर्धनातल्या ‘कोलिक निकायात’, म्हणजे विणकरांच्या श्रेणीत, मी दोन हजार कार्षापण ठेवले आहेत, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या कोलिक निकायात एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. धाकटीने तिथेच बोटांवर हिशेब केला. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. “बाबा, बरोबर आलं!” ती म्हणाली. एकोणीसशे वर्षांपूर्वीचे गणित पाचवीतल्या मुलीच्या बोटांवर जुळले.

मी त्या ‘कोलिक’ अक्षरांकडे पाहत राहिलो. श्रेणी पुरुषांची, माग पुरुषांचा, म्हणून विणणारा तो ‘कोळी’. सूत काढणे बायकांचे, म्हणून कातणारी ती ‘कातीण’. येवल्याला पैठणीच्या घरांत कालपरवापर्यंत अशीच वाटणी होती. कांड्या भरणार बायका, मागावर बसणार पुरुष, आणि पैठणी विणली कोणी, तर त्याने. माणसांच्या धंद्याची वाटणी आपण त्या मुक्या जिवाला चिकटवून दिली. तिच्याकडे मात्र कातणेही तिचे आणि विणणेही तिचेच. याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनेही आपल्या नावाने एक खोली दान दिली आहे. तिचा लेख दोन ओळींचा आहे. मी अनेकदा इथे आलो, पण नवऱ्याचा लांबलचक लेख वाचून परत जात असे. त्या दिवशी तो लहान लेखही थांबून पाहिला.

सोमवारी मी त्या मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. ती घाबरत आली. मी तिची जुलैमधली वही मागून घेतली आणि जिथे मंडळींसमोर तिचे वाक्य वाचले होते, त्याच मंडळींसमोर ते पुन्हा वाचले. म्हणालो, “हे वाक्य बरोबर आहे, शेरा चूक आहे.” तांबड्या पेन्सिलीने स्वतःचाच शेरा खोडला आणि दहापैकी आठ गुण दिले. एखाद्या गोष्टीचा शेवट इथे पूर्ण दहा गुणांनी झाला असता. पण तिने ‘दिवेलागण’ लिहिताना पहिली वेलांटी ऱ्हस्व ठेवायची ती दोन ठिकाणी दीर्घ काढली होती, आणि मी शेवटी मराठीचाच प्राध्यापक आहे.

ती काही बोलली नाही. “कातीण हा शब्द ठाऊक आहे का गं?” मी विचारले. ती म्हणाली, “हो सर. घरी आजी तेच म्हणते. पण वहीत लिहायला गावठी वाटलं.”

यावर मला काय बोलावे ते सुचले नाही. तिने कातीण सोडून कोळीण का लिहिले, ते आता कळले. घरचा शब्द वहीत चालणार नाही हे तिला कोणीतरी आधीच शिकवले होते. माझ्यासारख्याच कोणीतरी.

परवा, सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या निबंधाच्या वह्या आल्या. विषय मी मुद्दामच दिला नव्हता. जे पाहिले असेल ते लिहा, एवढेच सांगितले होते. तिची वही मी सर्वांत शेवटी ठेवली. पहिलेच वाक्य होते, “आमच्या खिडकीतल्या कातिणीने आज जाळे विणले नाही, कारण आज अमावास्येचा रंग लावायला आलेल्या माणसाने खिडकीच बंद केली.” ‘अमावास्येचा रंग’ म्हणजे दिवाळीपूर्वीचा रंग, हे ध्यानात यायला मला क्षणभर लागला. पेन्सिल हातात होती. ती मी खाली ठेवली आणि पुढे वाचत गेलो.

तर अशा रीतीने, वाचकहो, मी स्टुलावर उभा होतो. कोपऱ्यातले जुने, धूळ खाल्लेले, रिकामे जळमट होते. ते मी काढले. सणासुदीला घर स्वच्छ हवे, याबद्दल माझे दुमत नाही. पण स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, तुळशीवृंदावनाकडच्या बाजूला एक वाटोळे जाळे होते आणि त्याच्या कडेच्या पानाआड कोणीतरी पाय दुमडून बसले होते. मी केरसुणी खाली केली.

“ते राहिलं की!” सौ. म्हणाली.

“ते नको. तिथे वस्ती आहे.”

ती खिडकीशी आली, डोळे बारीक करून पाहिले. माझी हकीकत तिने आतापर्यंत चार वेळा ऐकली होती आणि एकदाही ऐकल्यासारखे दाखवले नव्हते. थोड्या वेळाने म्हणाली, “बरं, राहू द्या. पण पणती जरा लांब ठेवा हं, कातिणीला झळ लागेल.”